आमच्या मुलांचे शब्द व आमच्या मुलांचें ध्येय

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंत एक व्याख्याते आले होते. विषय होता 'ध्येयनिश्चिति'. गृहस्थ बोलण्यांत मोठे पटाईत. दीड तासांत त्यांनीं मुलांस हंसविलें, आईबापांच्या कष्टांची आठवण देऊन मुलींस रडविलें, आणि शेवटीं प्रत्येकाच्या हातीं एकेक छापील कागद देऊन त्यावर आपलें ध्येय लिहावयास सांगितलें. ते मोटारींत बसून निघून गेले. कागद आमच्याकडे राहिले. रात्रीं घरीं ते वाचावयास घेतले. निम्म्याहून अधिक मुलांनीं 'कलेक्टर' असें लिहिलें होतें. बाकीच्यांत कोणी 'फौजदार', कोणी 'डॉक्टर', एकानें नुसतें 'मोठा माणूस'. मुलींपैकीं पुष्कळजणींनीं 'आईबापांचें नांव काढणें' असें लिहिलें होतें. एक कागद मात्र कोरा होता. तो लोहाराच्या मुलाचा.

दुसऱ्या दिवशीं त्यास बाजूस घेऊन विचारलें, "कां रे बाळ, कांहींच कां लिहिलें नाहींस?" खालीं मान घालून पोर म्हणालें, "मनांत हाय गुरुजी, पर मांडाया येत न्हाई."

कलेक्टर लिहिणाऱ्या सगळ्या मुलांपेक्षां हा कोरा कागद आम्हांस अधिक खरा वाटला. कोणाचा मुलगा कलेक्टर होऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या समाजांतलें पोर त्या खुर्चीवर बसलें तर आम्ही गांवांत साखर वांटूं. पण महाराष्ट्रांत जिल्हे ३६, म्हणजे त्या खुर्च्याहि ३६; आणि आमच्या एका वर्गांतच उमेदवार वीसावर निघाले! बरें, कलेक्टर करतो काय, म्हणून विचारावें तर 'लाल दिव्याच्या गाडींतून फिरतो' याहून अधिक उत्तर नाहीं. तो लाल दिवा सरकारनें २०१७ सालींच उतरविला, हेंहि त्यांच्या कानांवर नाहीं. अशा ध्येयाला आम्ही नवस म्हणतों. बोलून टाकावयाचा, आणि फळ देवावर सोडावयाचें.

आतां त्या लोहाराच्या मुलाकडे वळूं. हा मुलगा मुका नाहीं व मठ्ठहि नाहीं. बापाच्या शाळेवर, म्हणजे भात्यापाशीं, त्याला बसलेला पहा. लोखंड किती लाल झालें म्हणजे ऐरणीवर घ्यावें, सांडस कोठें धरावी, घण केव्हां पडावा, फाळाला पाणी किती द्यावें म्हणजे तो वांकतहि नाहीं आणि तुटतहि नाहीं, हें तो तुम्हांस घडघडा सांगेल. तोच मुलगा वर्गांत आला कीं त्याची वाचा बसते. घरचें नाणें शाळेंत चालत नाहीं, आणि शाळेचें नाणें अजून त्याच्या हातीं आलेलें नाहीं. मग बाजारांत उभें राहून त्यानें घ्यावें काय आणि द्यावें काय?

शाळेचें नाणें हातीं कां येत नाहीं याचा दोष आमचा आम्हीच पदरीं घेतला पाहिजे. शाळेंत शब्द कसे शिकवितात? धड्याखालीं शब्दार्थांची यादी असते. मास्तर ती फळ्यावर उतरतात, मुलें वहींत उतरतात. विषण्ण म्हणजे खिन्न, खिन्न म्हणजे उदास, उदास म्हणजे विषण्ण. घाण्याचा बैल जसा दिवसभर चालून जागच्या जागीं राहतो तशी पोरें या तीन शब्दांभोंवतीं फिरतात. आम्हीं स्वतः हा घाणा पुष्कळ वर्षें चालविला आहे, म्हणून त्याची किरकिर आम्हांस ठाऊक आहे. परीक्षा झाली कीं यादी विसरली.

शब्द हा माणसासारखा आहे. एकदां तोंड पाहून ओळख होत नाहीं. चार ठिकाणीं भेटला, दोनदां कामास आला, म्हणजे तो आपला. शिवाय त्याला भाऊबंद असतात. 'कृ' या एका मूळपुरुषापासून कर्ता, कार्य, कृति, कारण, कर्तव्य अशी केवढी भावकी निघाली आहे! एक ओळखला कीं बाकीचे दारांत उभे. आम्हीं त्या आठवड्यांत धडा बाजूस ठेवून दोनच शब्द घेतले, साध्य आणि साधन. व्याख्या सांगितली नाहीं. लोहाराच्या मुलास उभें करून विचारलें, तुझ्या घरीं सकाळपासून काय घडवितात? म्हणाला, फाळ. तर मग फाळ हें साध्य. भाता, ऐरण, घण, सांडस, कोळसा हीं साधनें. सुताराची मुलगी लगेच म्हणाली, "मग वाकस हें साधन आणि जूं हें साध्य." कुणब्याचा पोरगा म्हणाला, "गुरुजी, जूं तुमचं साध्य, पण आमचं साधन!" या पोरानें जो भेद सांगितला तो आम्हीं ट्रेनिंग कॉलेजांत असतांना दोन पानें लिहूनहि आम्हांस नीट सांगतां आला नव्हता.

त्या दिवसापासून वर्गांत एक नवी वही सुरू झाली. नियम एकच: पुस्तकांत नसलेले दहा शब्द प्रत्येकानें घरून आणावयाचे. नांगराचें रुमणें व हाळीस आली, तिफणीचें चाडें आलें. कोष्ट्याच्या मुलानें धोटा, ताणा, बाणा आणला. चांभाराच्या मुलानें रापी व आरी. कुंभाराच्या मुलीनें आवा. पुष्कळ मुलांना हे शब्द स्वतः ठाऊक नव्हते, कारण आतां बहुतेकांच्या शेतांत ट्रॅक्टर फिरतो आणि लोहाराच्या घरींहि भात्यापेक्षां वेल्डिंगचें यंत्र अधिक चालतें. म्हणून तीं आजोबांस विचारावयास गेलीं. ज्या म्हाताऱ्यानें जन्मांत शाळेचा उंबरठा ओलांडला नाहीं, त्याला शाळेनें विचारलेला हा पहिलाच प्रश्न. एक आजोबा तर दुसऱ्या दिवशीं काठी टेकीत शाळेंत आले आणि म्हणाले, कालचा एक शब्द सांगावयाचा राहिला.

मोल्स्वर्थ साहेबांचा मराठी कोश १८३१ सालीं प्रथम छापला गेला व १८५७ सालीं वाढवून पुन्हां निघाला. दाते व कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे भाग १९३२ पासून निघाले. हे कोश आतां मोबाइलवर फुकट पाहतां येतात. मुलांपुढें मोल्स्वर्थ उघडून त्यांत 'रुमणें' दाखविलें तेव्हां वर्ग गप्प झाला. आपल्या आजाच्या तोंडचा शब्द एका साहेबानें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं छापून ठेवला, आणि आपल्याच शाळेच्या पुस्तकांत त्याला जागा नाहीं, हें त्यांस न बोलतां समजलें.

साहित्य शिकवितांना हीच चूक होते. आमच्या संतांपैकीं सावतोबा माळी, नरहरि सोनार, गोरोबा कुंभार, सेनाजी न्हावी, चोखोबा महार, जनाबाई दासी. या मंडळींनीं आपल्या धंद्याच्या हत्यारांनींच अभंग घडविले. सावतोबांस आपल्या मळ्यांतच विठ्ठल भेटला, जनाबाईस दळणकांडणांत. पण वर्गांत काय चालतें? 'या अभंगांत भक्तिरस ओतप्रोत भरला आहे,' एवढें वाक्य लिहून घ्यावयाचें, कीं झाला अभंग. ज्या धंद्यांतून तो अभंग निघाला त्याच धंद्याचें पोर मागच्या बांकावर बसलेलें असतें, त्याला कोणी विचारीत नाहीं. नरहरि सोनारांच्या अभंगांत 'बागेसरी' असा एक शब्द आहे. खरें सांगावयाचें तर आम्हांस त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. इतकीं वर्षें आम्हीं त्यावरून तसेंच पुढें जात होतों. यंदा सोनाराच्या मुलीनें घरीं विचारून सांगितलें कीं बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. मग मूस कशी तापते, सोनें केव्हां वितळतें, हें तिनें दहा मिनिटें सांगितलें, आणि अभंगाचा अर्थ सांगण्याचें काम आमच्याकडे उरलेंच नाहीं.

जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्या १९५१ सालीं वारल्या आणि १९५२ सालीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं. तीं आज शाळांतून शिकवितात. उत्तम. पण बहिणाबाईंची बोली पुस्तकांत आली तर ती काव्य, आणि तशीच बोली वर्गांतल्या पोराच्या तोंडून आली तर ती अशुद्ध, हा न्याय आम्हांस कळत नाहीं. आम्ही लहान असतां एका शिक्षकांनीं 'पानी' म्हटल्याबद्दल आम्हांस तासभर उभें करून साऱ्या वर्गाकडून 'पाणी' म्हणविलें होतें. तो णकार आम्हांस आला. पण पुढें दोन वर्षें वर्गांत हात वर करण्याचें धैर्य झालें नाहीं. सौदा महाग पडला.

याचा अर्थ मुलांस त्यांच्या बोलींतच ठेवावें असा कोणी करील तर तो आमचें म्हणणें उलटें समजला. कचेरींतला कागद बोलींत येत नाहीं. बोली ही मुलाची घरची पुंजी. तिच्यावर प्रमाण भाषेचा व्यवहार उभारावयाचा आहे, पुंजी फेंकून द्यावयाची नाहीं. तुकोबा जातीचे कुणबी, पण शब्द हेंच त्यांनीं धन मानलें, आणि तें धन बोलींतलें असो कीं पोथींतलें, दोन्ही हातांनीं वेंचलें.

कचेरींतल्या कागदाची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुप्याच्या बाजारीं रयत उठली, आणि तिनें सावकारांच्या घरांतून खतें व दस्तऐवज बाहेर काढून जाळले. माणसांच्या जिवावर न उठतां ती कागदावर कां उठली? कागद वाचतां येत नव्हता आणि तोच कागद जमीन गिळीत होता म्हणून. अक्षरशून्य कुणब्याला लेखणीवाले कसे नाडतात हें जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे; आणि त्याच्या आदल्याच वर्षीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं मागितलें होतें कीं, शिक्षक या कष्टकरी वर्गांतूनच तयार करावे. शिक्षक तर आमच्यांतून झाले. पण आज आमचीं मुलें अक्षर वाचतात आणि शब्दाशीं अडतात, ही नवी निरक्षरता आहे. सातबारा, फेरफार, वारसनोंद, बोजा, तारण, जप्ती, हरकत, मुदत, हे शब्द दहावी पास झालेल्या किती मुलांस नीट सांगतां येतील? घरांत या कागदांवरूनच भांडणें होतात, आणि शिकलेला मुलगा शेजारीं मोबाइल पहात बसतो.

आम्हीं हे शब्द वर्गांत घेतले. त्यांत एक शब्द होता 'हक्कसोडपत्र'. त्या वेळीं सांगितलें कीं, वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व साऱ्या देशानें २००५ सालीं दिला आहे, आणि हा हक्क बहिणीकडून सोडवून घेण्याच्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. महिन्याभरानें दहावीच्या वर्गांतली एक मुलगी शाळा सुटल्यावर थांबली. मामा घरीं आले होते. येत्या सोमवारीं रजिस्ट्रार कचेरींत जावयाचें आहे, एक सही पाहिजे, असें आईला सांगून कागद ठेवून गेले होते. मुलीनें तो आईस वाचून दाखविला. आईस तोंवर वाटत होतें कीं, आजोबांच्या नांवाचा कांहींतरी दाखला असेल.

पुढें काय झालें तें जसें झालें तसें सांगतों, कारण अशा गोष्टी गोड करून सांगण्याची खोड आमच्या चळवळीच्या पत्रांनांहि आहे. आईनें सही केली. मुलगी तिच्याशीं दोन दिवस बोलली नाहीं. आई तिला म्हणाली, "माझं माहेर तुटलं तर बाळंतपणाला तुला कुठं नेऊं, आणि उद्यां तुझ्या बापानं हाकललं तर मी कुठं जाऊं?" आम्हीं त्या बाईस दोष देत नाहीं. ज्या बाईला भावाच्या दाराशिवाय दुसरें दार नाहीं, तिला कायद्याचें कलम दाखवून बोल लावणें सोपें आहे. पण सही करण्यापूर्वीं तिनें भावांस समोर बसवून कागद पुन्हां मोठ्यानें वाचावयास लावला, आणि म्हणाली, "मी काय सोडतें तें मला ठाऊक आहे, हें तुम्हांलाहि ठाऊक असूं द्या." थोरला भाऊ खालीं पहात बसला होता, असें मुलगी सांगत होती.

पुण्याला जोतीरावांच्या शाळेंत शिकणारी मांग जातीची मुलगी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'त छापून आला. वय आमच्या या मुलीएवढेंच. ज्यांस वेद पाहण्याचीहि मनाई, त्यांचा धर्म तरी कोणता, असा रोकडा सवाल तिनें त्यांत केला. या पोरीला कोणी ध्येयाचा छापील कागद दिला नव्हता. शब्द दिले होते. हा निबंध आम्ही दरवर्षीं नववीस वाचून दाखवितों. यंदा वाचून झाल्यावर ती मुलगी कांहीं बोलली नाहीं, वही मागून घेऊन पुन्हां एकटीच वाचीत बसली.

आतां कोणी म्हणेल, गुरुजी, हें सगळें ठीक; पण परीक्षेचें काय? तर ऐका. दहावीच्या मराठीच्या पत्रिकेंत न वाचलेला उतारा येतो, मुलाचें स्वतःचें मत विचारतात, पत्र, बातमी, जाहिरात लिहावयास सांगतात. यांपैकीं कशाचें उत्तर गाइडांत तयार मिळणार आहे? पूर्वीं विद्येच्या दाराशीं भटजी व कुलकर्णी बसून वाट अडवीत. आतां त्याच दाराशीं गाइडवाला आणि क्लासवाला बसून दक्षिणा घेतो, आणि त्यांत आपल्याच भाऊबंदांची संख्या थोडी नाहीं. शेळी विकून क्लासची फी भरणारा बाप आम्हीं पाहिला आहे. त्या क्लासांत त्याच्या मुलाला मिळालें काय, तर जें पुस्तकांत छापलें होतें त्याचीच झेरॉक्स.

ध्येयाचे कागद आम्हीं फाडले नाहींत. ते मुलांस परत दिले, आणि मागच्या कोऱ्या बाजूस पुन्हां लिहावयास सांगितलें. या वेळीं 'मी कोण होणार' असें विचारलें नाहीं. येत्या संक्रांतीपर्यंत आज येत नाहीं असें काय करतां येऊं लागेल, तें कोणाजवळ शिकणार, आणि मध्यें आडवें काय येतें, एवढेंच विचारलें. शेवटच्या प्रश्नाचीं उत्तरें वाचून आम्हांस झोंप लागली नाहीं. 'सकाळी दोन खेपा पाणी.' 'धाकटा भाऊ संभाळावा लागतो.' 'दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला.' 'दिव्याखालीं बाबा पत्ते खेळतात.' व्याख्याते म्हणाले होते कीं मनांत आणलें तर कांहींहि अशक्य नाहीं. दोन खेपा पाणी मनांत आणून कसें संपतें, तें त्यांनीं सांगितलें नाहीं.

म्हणून आमचें बोलणें मुलांपेक्षां तुमच्याशीं अधिक आहे. शेतकरी व बलुतेदार बांधवांनो आणि मायबहिणींनो, ध्येय हें एकट्या पोराच्या छातींत उगवणारें पीक नाहीं. त्याला घरच्या पाण्याची पाळी लागते. घरांत दिवा असतो, त्याखालची एक तासाची जागा पोराच्या नांवें लावून द्या, आणि मुलगी असेल तर तिच्या हातची एक खेप भावाच्या हातीं द्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांनीं मूल मागें ठेवतां येईल असें नातेवाइकांचें घर किंवा वसतिगृह वेळींच पहावें; शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरास बोर्डिंगें काढलीं तीं आणि भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें तें असल्याच मुलांसाठीं. आणि घरीं कागद आला कीं तो पोराकडून मोठ्यानें वाचवून घ्या. अडला तर रागावूं नका, शब्दाखालीं रेघ मारून शाळेंत पाठवा. आमच्याकडे अशा रेघा मारलेले तीन कागद या महिन्यांत आले. त्यांतला एक बँकेच्या नोटिशीचा होता आणि मुदत संपावयास चार दिवस राहिले होते.

लोहाराच्या मुलानें दुसऱ्या बाजूस काय लिहिलें तें सांगावयाचें राहिलें. त्याचें लिहिणें असें: 'गाडीच्या चाकावर धाव कशी चढवतात ते आजोबांना येते. बाबांना थोडे येते. मला येत नाही. आजोबा थकले आहेत. संक्रांतीपर्यंत मी ते शिकणार आणि चार पानांत लिहून काढणार. दहावीनंतर आयटीआयला फिटर. आडवे येते गणित.' शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, त्या आम्हीं सुधारून येथें दिल्या आहेत.

चार पानांपैकीं अडीच लिहून झालीं आहेत. गणिताचे मास्तर आम्ही नव्हे. पण सध्यां संध्याकाळीं शाळा सुटल्यावर आम्ही दोघेहि ओट्यावर बसून चाकाच्या व्यासावरून धावेची लांबी काढीत असतों. परवां आमचें उत्तर चुकलें, त्याचें बरोबर आलें.